अठराव्या नोंदीवर अडकलेला पाळीचा हिशेब

मे महिन्यातला सोमवार. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या क्लासची शेवटची बॅच सुटली होती आणि जिन्यातच माझा एक जुना विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन उभा होता. राधानगरी रोडनं गाडी मारत आलेला, शर्ट घामानं भिजलेला. भोगावतीकाठच्या त्याच्या गावात एक छोटी दूध संस्था आहे. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या संकलनाचा हिशेब करणारा सी भाषेतला प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला. वर्षभर तो बिनतक्रार चालला. रविवारी त्यात एक सुधारणा केली आणि सोमवारी सकाळपासून पाळीचा, म्हणजे एका वेळच्या संकलनाचा, कागद निघेना.

"सर, एरर काहीच येत नाही. नुसता बसून राहतोय."

लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या रचनेच्या, दुखण्याचं पहिलं लक्षण हेच. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकला तर प्रोग्रॅम बहुतेक वेळा कोसळतो, निदान काहीतरी बोलतो. लूप चुकला की संगणक मुकाट्यानं काम करत राहतो, फक्त तेच काम पुन्हा पुन्हा. पडदा शांत असतो आणि पंखा मात्र जोरात फिरायला लागतो. या प्रकरणात मला एकच गोष्ट नीट मांडायची आहे: ब्रेक (इथून बाहेर पड) आणि कंटिन्यू (ही फेरी सोड, पुढचीला लाग) हे शब्द आपण लिहितो, पण ते नेमके कुणाला लागू होतात आणि तिथून पुढची पायरी कोणती, हे लिहितानाच बोट ठेवून बघावं लागतं. या मुलाला सी येत होती. दोन्ही चुका कंपायलरच्या, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दृष्टीनं निर्दोष होत्या. तरीही एक अख्खा दिवस गेला आणि सकाळचा कागद सचिवांना हातानं लिहावा लागला.

आधी तिथली पद्धत सांगतो, कारण चुकीचं मूळ तिच्यातच आहे. सभासद दूध घालायला येतो. मापाडी त्याचा कोड नंबर टाकतो, दूध गाईचं की म्हशीचं ते टाकतो, लिटर टाकतो, नमुना मशीनला लावून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) घेतो. त्याची पावती लगेच मिळते. पाळी संपली की सगळ्या नोंदींवरून एक कागद निघतो: कुणाचं किती लिटर, काय दर बसला, किती रक्कम, आणि तळाला एकूण लिटर. कॅन न्यायला टेम्पो येतो तेव्हा हा कागद कॅनबरोबर जातो. म्हणून त्याला उशीर चालत नाही. उन्हाळ्यात तर अजिबातच नाही.

जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सभासदाला एक कप्पा होता. दूध न घालणाऱ्याच्या कप्प्यात लिटर शून्य. लूप असा होता (संगणकावर हे सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत असतं, इथे मी देवनागरीत उतरवलंय):

फॉर (क्र = ०; क्र < एकूण; क्र++) {
    इफ (लिटर[क्र] == ०)
        कंटिन्यू;
    दर ठरव; रक्कम काढ; ओळ छाप;
}

म्हैस आटलेला सभासद असो की गावाला गेलेला, त्याच्यापाशी कंटिन्यू लागायचं आणि लूप पुढच्या सभासदावर जायचा. यात क्र, म्हणजे कप्प्याचा क्रमांक, वाढवण्याचं काम (क्र++) फॉरच्या डोक्यावर, तिसऱ्या जागी लिहिलेलं आहे. फॉरमध्ये कंटिन्यू म्हणजे 'उरलेला भाग सोड आणि तिसऱ्या जागी जा'. त्यामुळे क्र वाढायचाच. ही सोय इतकी अंगवळणी पडते की ती फॉरनं दिलेली आहे याचाच विसर पडतो.

मग सचिवांनी, म्हणजे गावाच्या अण्णांनी, एक रास्त मागणी केली. काही घरांत गाय आणि म्हैस दोन्ही आहेत. त्यांची दोन्ही दुधं वेगळी दाखवा, पण एकाच नावाखाली. विद्यार्थ्यानं रविवारी बसून रचना बदलली. आता कप्पा सभासदाला नाही, नोंदीला. जो येईल त्याची नोंद, दोन प्रकारचं दूध असेल तर लागोपाठ दोन नोंदी. पाळीची फाइल ३०० कप्प्यांची, कायम एकाच आकाराची, आणि प्रत्येक पाळीला तीच वरपासून पुन्हा भरायची. आणि लूप पुढची नोंद डोकावून बघणार. ती याच सभासदाची असेल तर दोन्ही एकदम छापून दोन पावलं पुढे, नसेल तर एक. पावलं कधी एक कधी दोन म्हटल्यावर फॉर अडचणीचा वाटला, म्हणून त्यानं व्हाइल, म्हणजे अट खरी आहे तोवर फिरणारा लूप, घेतला:

क्र = ०;
व्हाइल (क्र < एकूण) {
    इफ (लिटर[क्र] == ०)
        कंटिन्यू;
    दर ठरव; रक्कम काढ; ओळ छाप;
    इफ (पुढची नोंद याच सभासदाची) {
        तीही छाप;
        क्र = क्र + २;
    } एल्स
        क्र = क्र + १;
}

दोन्ही लूप शेजारी ठेवून बघा. कंटिन्यूची ओळ जशीच्या तशी आहे, अर्थ मात्र पार बदललाय. व्हाइलला तिसरी जागा नाही. तिथे कंटिन्यू म्हणजे थेट वरच्या अटीकडे. क्र वाढवणाऱ्या ओळी तळाला राहिल्या, तिथवर गाडी पोचतच नाही. लिटर शून्य असलेली एक नोंद आली की क्र तिथेच, अट तिथेच, पुन्हा शून्य, पुन्हा कंटिन्यू. जगबुडीपर्यंत.

रविवारी त्यानं पाच नोंदींची फाइल करून तपासलं होतं. पाचही नोंदींत दूध होतं. न आलेल्या सभासदाची आता नोंदच नसते, तर शून्य कुठून येणार, असा त्याचा हिशेब होता आणि जुनी ओळ 'असू दे, काय बिघडतंय' म्हणून ठेवली होती. पण काट्यावर आणखी एक गोष्ट घडते. कोड टाकून झाल्यावर मापाडी दुधाचा वास घेतो. दूध नासकं निघालं तर परत करतो आणि लिटरच्या जागी शून्य टाकतो. मे महिन्यात हे रोजचंच आहे. घरी बसून केलेल्या पाच नोंदींत ते कुणाला सुचणार?

आता सोमवारचा दिवस. सकाळी १३१ नोंदी झाल्या, कागद निघेना. त्यानं कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबवला आणि छापायची फाइल उघडली, तर ती पूर्ण रिकामी. एकही ओळ नाही. यावरून त्यानं ठरवलं की पहिल्याच नोंदीला, किंवा त्याच्याही आधी, काहीतरी चुकतंय. दुपारभर तो फाइल उघडण्याचा भाग आणि नोंदी मोजण्याचा भाग चाचपत बसला.

हा चकवा मी बऱ्याच मुलांच्या वाट्याला आलेला बघितलाय. सी मध्ये फाइलीत लिहिलेलं लगेच डिस्कवर जात नाही. ते आधी एका बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठतं, लिनक्सवर तो सहसा ४०९६ बाइटांचा असतो. बफर भरला, फाइल बंद केली किंवा फ्लश (बफर रिकामा) करायला सांगितलं, तरच मजकूर बाहेर पडतो. पंधरा-वीस ओळी म्हणजे जेमतेम सहा-सातशे बाइट. त्या बफरमध्येच होत्या, आणि कंट्रोल-सीनं प्रोग्रॅम मारल्यावर बफरसकट गेल्या. पडद्यावर मात्र ओळ संपली की मजकूर दिसतो. म्हणून लूप कुठे अडकला हे शोधायचं असेल तर फाइलीवर विसंबू नये. तपासणीच्या ओळी पडद्यावर काढाव्यात, किंवा एसटीडीएररवर (चुकांच्या सूचनांसाठीच्या वेगळ्या वाटेवर), जिथे असं साठवणं होत नाही.

त्याला हे आठवलं नाही आणि रिकाम्या फाइलीनं भलत्याच दिशेला नेलं. नोंदींची मोजणीच चुकते अशी शंका आल्यानं त्यानं 'एकूण' काढून टाकलं आणि शेवटची खूण आणली: पाळी संपली की पुढच्या कप्प्यात प्रकाराच्या जागी 'श' लिहायचं, श म्हणजे शेवट. लूप ३०० पर्यंत चालू शकतो, पण श दिसला की बाहेर. दर ठरवायला स्विच (किमतीप्रमाणे वेगवेगळ्या केसकडे वळवणारी रचना) होताच, त्यातच त्यानं ही खूण बसवली:

स्विच (प्रकार[क्र]) {
    केस 'ग': दर = गाईचा दर; ब्रेक;
    केस 'म': दर = म्हशीचा दर; ब्रेक;
    केस 'श': ब्रेक;
}

संध्याकाळी १२४ नोंदी. कागद पुन्हा निघाला नाही. मग तो माझ्याकडे आला.

मी त्याला कोड उघडू दिला नाही. आधी जीडीबीमध्ये (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत बघायच्या साधनात) प्रोग्रॅम चालवायला लावला, पाच सेकंद थांबून कंट्रोल-सी, आणि क्र ची किंमत विचारली. १७. पुन्हा चालू केला, पुन्हा थांबवला. १७. तिसऱ्यांदा १७. अडकलेल्या लूपचं निदान माझ्या मते याहून सोपं नाही: दोनदा थांबवा, मोजणारा आकडा तोच निघाला तर लूप जागच्या जागी फिरतोय, आकडा पुढे सरकला असेल तर दोष अटीत आहे, किंवा काम खरंच मोठं आहे.

त्यानं संध्याकाळच्या वहीचा फोटो मोबाइलवर उघडला आणि १७ व्या नोंदीवर बोट ठेवलं. म्हशीचं दूध, साडेतीन लिटर, सगळं जागच्या जागी. "सर, ह्यात तर कायच नाही." मी म्हटलं, "अरे, तुझी वही एकपासून मोजते, ॲरे, म्हणजे कप्प्यांची रांग, शून्यापासून. सतरावा कप्पा म्हणजे अठरावी नोंद." बोट एक ओळ खाली सरकलं. तिथे लिटरच्या रकान्यात शून्य, आणि शेजारी मापाड्याच्या अक्षरात: परत.

तो काही बोलला नाही. कोड उघडला, कंटिन्यूच्या ओळीवर गेला आणि मान हलवली. कळलं होतं.

हीच जातकुळी जगात एकदा फार मोठ्या प्रमाणावर दिसली. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून म्युझिक प्लेयर सगळीकडे एकाच दिवशी गोठले. २००८ हे लीप वर्ष, आणि तो वर्षाचा ३६६ वा दिवस. घड्याळाच्या कोडमध्ये दिवसांवरून वर्ष काढणारा व्हाइल लूप होता: दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फीर. आत लीप वर्षासाठी आणखी एक अट होती: दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा कर. दिवस बरोबर ३६६ असताना बाहेरची अट खरी, आतली खोटी, आणि या वाटेनं काहीच वजा होत नव्हतं. बॅटरी संपू द्या आणि उद्या चालू करा, हाच उपाय लोकांना सांगावा लागला. शून्य लिटरची आपली नोंद आणि तो ३६६ वा दिवस यांत मला फरक दिसत नाही. लूपच्या आत जितक्या वाटा, तितक्या वाटांनी एकेकदा चालून 'इथे आकडा हलतो का' एवढं विचारायचं. त्या रात्री मी त्याला कागदावर वाटा काढायला लावल्या. तीन निघाल्या. दोन वाटांवर क्र वाढत होता, तिसरीवर नाही.

दुरुस्ती एका ओळीची: कंटिन्यूच्या आधी क्र वाढव. कंसात दोन्ही ओळी घेतल्या, चालवलं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत कागद तयार. तो उठून गाडीची किल्ली घ्यायला लागला. मी त्याला बसवलं आणि म्हटलं, तळाचं एकूण वाच.

४२१.५ लिटर.

"अण्णांना फोन लाव. संध्याकाळी कॅन किती भरले विचार."

अण्णा जेवत होते बहुतेक. "नऊ भरून दहाव्यात बत्तीस. का रं?"

कॅन ४० लिटरचा. नऊ म्हणजे ३६०, वर ३२, झाले ३९२. विद्यार्थ्यानं कागदावरचा आकडा सांगितला. पलीकडून क्षणभर काही आलं नाही, मग अण्णा म्हणाले, "साडेएकोणतीस लिटर दूध आलं कुठनं?"

मला हा प्रश्न फार आवडला. प्रोग्रॅम संपतो म्हणजे तो बरोबर असतो असं नाही, आणि ते पडताळायला प्रोग्रॅमच्या बाहेरचं काहीतरी लागतं. इथे कॅन होते.

कागदाच्या शेवटी सात ओळी अशा होत्या की ती माणसं संध्याकाळी आलीच नव्हती. त्यातल्या पहिल्या ओळीला प्रकारच 'श' होता, म्हणजे श दिसूनही लूप थांबला नव्हता. कारण ब्रेक. सी मध्ये ब्रेक सर्वांत जवळच्या लूपला किंवा स्विचला तोडतो, दोन्हींत जो जवळ असेल त्याला. केस 'श' मधला ब्रेक स्विचमधून बाहेर पडला आणि थेट रक्कम काढायच्या ओळीवर आला. दर ठरलाच नव्हता, म्हणून आधीच्या नोंदीचा दर तिला चिकटला. लिटर मात्र सकाळचे होते: कप्प्यात फक्त प्रकार बदलला होता, बाकीचं जुनंच. त्याच्या पुढच्या सहा कप्प्यांत सकाळच्या १३१ नोंदींचं शेपूट जसंच्या तसं पडलेलं, तेही छापलं गेलं. पुढे सगळे कप्पे शून्य, ते आता सुरळीत वगळले जात होते. पहिली चूक होती तोवर लूप श पर्यंत पोचतच नव्हता, म्हणून दुसरी चूक झाकलेली राहिली. रोग कळण्याआधी दिलेल्या औषधानं हा नवा रोग आणला होता, आणि खरं सांगायचं तर पैशाच्या दृष्टीनं हा जास्त वाईट. अडकलेला प्रोग्रॅम निदान कुणाचे पैसे चुकवत नाही.

ब्रेकच्या या स्वभावानं १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेतल्या एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं जवळपास नऊ तास विस्कळीत केलं होतं. ११४ एक्स्चेंज एकमेकांना पाडत राहिली. कोड सी मध्येच होता, आणि बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी सी घडवली त्या बेल लॅब्जची तेव्हाची पालक कंपनी हीच. तिथे स्विचच्या आत इफ होता आणि इफच्या आत ब्रेक. ब्रेक इफला तोडत नाही. तो अख्ख्या स्विचमधून बाहेर पडला आणि करायचं काम राहून गेलं. तिथे ब्रेक अपेक्षेपेक्षा लांब गेला, आपल्याकडे अपेक्षेपेक्षा जवळ थांबला. दोन्हीकडे लिहिणाऱ्याच्या मनातला कंस आणि भाषेचा कंस वेगळा होता.

यावर उपाय काय, याबद्दल मतं वेगळी असू शकतात. एक झेंडा चल (काम संपलं की नाही याची खूण ठेवणारा आकडा) ठेवून 'संपलं = १' करता येतं. दुहेरी-तिहेरी लूपमधून एकदम बाहेर पडायला गोटू (थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायची आज्ञा) वापरला तरी माझा विरोध नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये गोटूविरुद्ध लिहिलं ते कुठूनही कुठेही उड्या मारण्याबद्दल होतं, पुढे एकाच ठिकाणी उतरणाऱ्या उडीला त्यासाठी घाबरायचं कारण नाही. पण इथे दोन्हींची गरज नव्हती. लूप कधी थांबायचा हे लूपच्या डोक्यावर लिहिलेलं असावं, पोटात लपवलेलं नसावं. म्हणून आम्ही फॉरकडे परतलो:

फॉर (क्र = ०; क्र < ३०० && प्रकार[क्र] != 'श'; क्र++) {
    इफ (लिटर[क्र] == ०)
        कंटिन्यू;
    स्विच (प्रकार[क्र]) {
        केस 'ग': दर = गाईचा दर; ब्रेक;
        केस 'म': दर = म्हशीचा दर; ब्रेक;
        डिफॉल्ट: तक्रार छाप; कंटिन्यू;
    }
    रक्कम काढ; ओळ छाप;
}

अटीतला क्रम जाणूनबुजून तसा आहे. && (म्हणजे 'आणि') मध्ये डावी बाजू आधी तपासली जाते आणि ती खोटी ठरली तर उजवीकडे बघितलंच जात नाही. ३०० कप्पे म्हणजे ० ते २९९. बाजू उलट्या लिहिल्या तर पाळी पूर्ण भरली असताना अस्तित्वात नसलेला ३०० वा कप्पा वाचला जाईल, आणि तो वाचताना बहुतेक वेळा काहीच दिसणार नाही. तेच जास्त धोक्याचं. डिफॉल्टमधलं कंटिन्यूही बघून ठेवा: स्विचला कंटिन्यू लागू होत नाही, ते स्विच ओलांडून लूपलाच लागतं. एकाच स्विचमध्ये शेजारी बसलेले हे दोन शब्द दोन वेगवेगळ्या धन्यांची चाकरी करतात.

गाय-म्हशीच्या जोडीसाठी पुढे डोकावणं बंद केलं. त्याऐवजी मागे बघायचं: क्र शून्यापेक्षा मोठा असेल आणि मागच्या नोंदीचा कोड हाच असेल, तर नाव पुन्हा छापायचं नाही. मागची नोंद वाचून झालेली असते, पुढची असेलच याची खात्री नसते. दोन पावलं टाकायची गरजच संपली, आणि व्हाइल आणायचं मूळ कारणही.

"कंपायलरनं सांगायला नको होतं का?" असं त्यानं विचारलं. जीसीसी या कंपायलरच्या ७ व्या आवृत्तीपासून जास्तीच्या सूचना चालू केल्या तर केसखाली ब्रेक विसरल्याचं कळतं. पण इथे ब्रेक होता, कंटिन्यू होतं, सगळं व्याकरणशुद्ध. त्याच्या मनात काय होतं ते कंपायलरला कुठून कळणार?

साडेदहा वाजले होते. जाण्याआधी पाच फायली करायला लावल्या. पहिलीच नोंद शून्य. शेवटची नोंद शून्य. सगळ्या शून्य. एकही नोंद नाही, पहिल्याच कप्प्यात श. आणि पूर्ण ३०० नोंदी, श ला जागाच नाही. शेवटची करायला त्यानं कुरकूर केली, गावात ३०० नोंदी कधी होणार म्हणाला. केली तरी. तीत लूप बरोबर निघाला, पण नोंद घेणारा भाग श लिहायला ३०० व्या कप्प्यात गेला, म्हणजे ॲरेच्या बाहेर. तिथेही क्र < ३०० ची अट घातली. पाळी सुरू करताना सगळे कप्पे पुसायचीही एक ओळ टाकली.

मंगळवारी सकाळी सव्वाआठला त्याचा फोन आला. मागे कॅनांचा खडखडाट ऐकू येत होता. दोन सभासदांचं दूध परत गेलेलं, कागद लगेच निघाला. अण्णांनी आधी कॅन मोजले, मग कागद बघितला, आणि टेम्पोवाल्याच्या हातात दिला.